झोपाळ्यावरचं ऑफिस

पोर्चात लावाले सीसीटीव्ही कॅमेरा घेतानी माह्या बायकोनं बजावलं होतं, "तारवाला घ्या. घरच्या टीव्हीवर दिसलं तरी पुरे." मी हट्टानं वायफायवाला घेतला, अन् गावाकडं कुहीले राहणाऱ्या बाबांच्या मोबाईलवर जोडून देल्ला. म्हटलं, तेबी तिकडून आपल्या घरावर लक्ष ठेवतीन.

परवा बाबांचा फोन आला, "धान कापाले येतं का गा?"

मी म्हटलं, "नाही जमत बाबा, ऑफिसात अटकून राहिलो."

फोन ठेवला, पोर्चमधल्या झोपाळ्यावर टेकलो अन् चहाचा घोट घेतला. तं डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून बाबांचा आवाज आला, "ऑफिसात झोपाळाबी आहे का गा? चहा पी अन् नीघ. विळा घासून ठेवला."

बायको आतून म्हणे, "तारवाला असता तं गप राहिला असता बिचारा!"