मांजरीचं बिऱ्हाड

कल्याणला रेशनच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. धाकटीला राहवत नव्हतं.

"काकू, मनीनं पिल्लं आमच्याकडे आणली. वेताच्या पेटीत, थेट यांच्या कोटावर."

"कोट गेला म्हणायचा."

"गेलाच. हे ओरडायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीवर ओरडू नये."

"लळा लावून घेऊ नकोस, वासंती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते."

"तुमच्या माळ्यापासून मोजलीत मी. आमचं सहावं."

"म्हणजे अजून एकदा हलणार. आणि परवा तर तुम्हीच शहाडला चाललात."

"तेच ना. मी म्हटलं, मनीला घेऊन जाऊ. हे म्हणाले, नव्या घरात आधी देव जातात, मांजर नाही."

"बरोबरच आहे त्यांचं. तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तिचं सातवं घर राहिलंय, ते शहाडला होईल."

"अगं, सोवळ्यातली बाई ती. देव कोण नेणार मग?"

"देव यांच्याकडे दिलेत, काकू. टांग्यात पेटी सासूबाईंच्या मांडीवर."