उभी राहिली की बंद पडणारी गाडी

आमच्या शेजारच्या बापूकाकांची ती जुनी कार्बोरेटरवाली गाडी माहितीये ना? पळताना झकास, पण उभी राहिली की फटकन बंद पडायला लागली. काका हैराण! इंजिन चालू ठेवून वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा हाणायच्या ही त्यांची जन्माची सवय, तीच बंद झाली.

मी बॉनेट उघडलं. इंजिनातून डिस्ट्रिब्युटरला जाणारी वीतभर रबरी नळी निसटलेली. तिथून हवा आत शिरल्यावर उभ्या गाडीचं इंजिन मान टाकणारच. नळी बसवली, गाडी छान गुणगुणायला लागली.

आठवड्याने काकांची हाक, "मेल्या, परत तेच!" बघतो तर नळी पुन्हा निसटलेली. बसवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मात्र मी चिडून क्लिप आणून आवळलीच.

काका हात धुवायला गेले, तेवढ्यात काकी कोकम सरबत घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गाडी बंद पडते म्हणून तरी हे वाटेत थांबत नाहीत रे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मालगुंडला माहेरी गरम जेवले मी. उद्या परत जायचंय, तर ती क्लिप जरा सैल कर. माझ्या हाताने निघत नाही."