हमीदाभाभी आणि बक्षिसाची तिकिटं

हमीदाभाभींना भेटला नाहीत अजून? इथे कतारात, मुऐदरला आमच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान आहे, मूळच्या रत्नागिरीच्या. एकदा त्यांच्याकडे बक्षिसाच्या तिकिटांचा एजंट आला. गिऱ्हाइकाला खरेदीवर तिकिटं द्यायची, ती चिकटवून वही भरली की कंपनी कुकर देणार.

भाभींनी विचारलं, "कंपनीची सरकारी नोंदणी झालीय?"

"होईल ना, इन्शाल्ला!"

"मग झाल्यावर या."

समोरच्या दुकानवाल्या रफीकभाईंनी मात्र तिकिटं घेतली आणि भाभींची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली.

काही महिन्यांनी कंपनी गायब! भरलेल्या वह्या घेऊन लोक रफीकभाईंच्या अंगावर धावून गेले. तेवढ्यात भाभी रस्ता ओलांडून आल्या.

"अरे, हासुद्धा तुमच्यासारखाच फसलाय. यल्ला, चला, वह्या घ्या, तक्रार करायला जाऊ."

स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून त्या सगळ्यांबरोबर सरकारी ऑफिसात गेल्या. चौकशीत एजंट सापडला, रफीकभाईंवरचा आळ गेला आणि त्यांचं दुकान वाचलं.

मी म्हटलं, "भाभी, तुमची गिऱ्हाइकं पळवणाऱ्यासाठी दुकान बंद ठेवलंत?"

"मग काय? समोर माणूस रडतोय आणि मी साखर तोलत बसू?"