खंदकातली मूठभर माती

ऐका, आणि उगाच मागं वळून बघू नका. खालच्या आळीतला आपला रंगनाथ शेलार न्यूझीलंडात गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे, त्याची ही गोष्ट. दिवस मावळल्यावर अनोळखी वाटेला जाऊ नये, हे इथं शिकला आणि तिकडं जाऊन विसरला.

रंगनाथला गडकोटांचं भारी वेड. तिथं माओरी लोकांची, म्हणजे तिथल्या मूळच्या रहिवाशांची, जुनी गढी आहे. नुसते मातीचे बांध आणि वळणावळणाचे खंदक. गोऱ्यांच्या पलटणीशी लढताना तिथं माणसं पडली, तिथंच पुरली. एकदा कामावरून सुटल्यावर हा सहा वर्षांच्या लेकीला, केतकीला घेऊन निघाला. पोहोचेतो अंधारलं. राखण करणारी वायमारी नावाची आजी घरी निघाली होती. तिनं बजावलं, आतलं काही आणू नको, आणि बाहेर आलास की नळावर हात धू. पोर पेंगुळलेली. पाच मिनिटांत येतो म्हणून यानं तिला गाडीत ठेवलं, कुलूप लावलं. चुकलंच की हो ते!

आत जाऊन हात जोडले. मग आपण गडावर करतो तेच केलं. चिमूटभर माती कपाळाला लावली, मूठभर रुमालात बांधून खिशात टाकली, देव्हाऱ्यात ठेवायला. मनात पाप नव्हतं, बरं का.

परत फिरला. वळण, आणखी वळण, आणि पुन्हा तोच बांध. पुन्हा चालला. पुन्हा तोच बांध. चकवा लागला! वर चढायला गेला तर घसरून खाली. खंदक अरुंद झाला, खांदे घासायला लागले. खिसा जड, धोंडा ठेवल्यासारखा. पोर एकटी, कुलपात, आणि हा इथं अडकलेला. तेवढ्यात खंदकाच्या पोटातून केतकीची हाक आली, 'बाबा, मी इथं आहे.'

ती आत कशी असेल? पण बापच तो, पाय तिकडंच वळले. दोन पावलं गेला आणि खिसा मांडीवर आदळला. तेव्हा कुठं म्हातारीचं बोलणं आठवलं. जिच्यासाठी ही माणसं मेली, तीच माती आपण खिशात घातली! रडूच आलं त्याला. गुडघे टेकले, रुमाल सोडला, माती खाली ठेवली.

'चुकलो,' म्हणाला, 'तुमचं तुम्हाला. माझी पोर मला द्या.'

मान वर केली तर फाटक दहा पावलांवर.

नळावर हात धुतले, धावत जाऊन गाडी उघडली. केतकीचे डोळे रडून सुजलेले. म्हणाली, 'किती हाका मारल्या मी, बाबा. तू इथंच गोल गोल फिरत होतास. ते आजोबा तुझ्यापुढं हात पसरून उभे होते, तू त्यांना काही देतच नव्हतास.'

तेव्हा अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. आणि आपल्या गडावरची माती उचलतानाही आधी बघा, समोर कुणाचा हात पसरलाय का.