माठाच्या झाकणातली गळती

आमी मूळचे बेलापूरचे, पण माझं निम्मं आयुष्य नगरात, सावेडीला, लोकांचे रेडिओ, टीव्ही, मिक्सर उघडण्यात गेलं. काय सांगू तुमाला, जे बंद पडलं ते माझं. आई मात्र बेलापुरातच, एकटी. चल म्हणलं की म्हणायची, तुझ्या फ्लॅटात बसून खिडक्या मोजू व्हय? मग मी एक उद्योग केला. तिच्या माठाच्या स्टीलच्या झाकणात काडेपेटीएवढी डबी बसवली. झाकण उचललं की डबी घरातल्या मोबाईलला कळवायची, मोबाईल मला मेसेज धाडायचा. आई पाणी प्याली, म्हंजे आई हाय.

थंडीत तिनं लोकरीची शाल पांघरून झाकणाला हात लावला, चट्‌दिशी ठिणगी उडाली आन डबीतली चिप मेली. मग मी शहाणपणा केला, नवी चिप टाकली आन ठिणगी अडवायला एक डायोड जोडला, तोबी हाताला आला तो. सेल दोन वर्षं पुरल म्हणून मिशीला पीळ दिला. महिनाभरात मेसेज बंद. सकाळ गेली, दुपार झाली, फोनबी उचलंना. स्कूटर काढली, वाटंत देवाला काय काय बोललो ते विचारू नका. जाऊन बघतो तर मोबाईल आत, आई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. आलास व्हय, म्हणली, हात धू.

मीटर लावला. झाकण उचललं की डबी घोटभर करंट खायची, एरवी झोपेत मुंगीएवढा, आन तिचा राखणदार डायोड गुपचूप शंभरपट गळत हुता. त्यानंच सेल संपवला. म्हणलं आई, कमी गळणारा डायोड मिळतो, तो टाकतो, मग दोन वर्षं सेल बदलायला नको. तिचा शेंगंवरचा हात थांबला. म्हणली, मग दोन वर्षं तू येणार न्हाईस?

मी लई हसलो. डायोड न्हाई बदलला. दर महिन्याला सेल घेऊन जायचो, पिठलं-भाकरी खाऊन यायचो.

मागल्या साली आई गेली. शेवटचा सेल अर्धा शिल्लक हुता. बायको तर आधीच गेलेली. आता ती डबी माझ्या माठावर हाय, मेसेज पुण्याला लेकीला जातो. ती म्हणती, बाबा, एवढे कारागीर तुमी, चांगला डायोड टाका की. म्हणलं, बाई, डोळ्याला दिसत न्हाई गं, सेलसुद्धा बसवता येत न्हाई. खोटं बोलतो. अजून केसाएवढी तार जोडतो या डोळ्यांनी. ती बिचारी येती, सेल बसवती, चहा करती, जाती. सुखात राहो पोर.

हा सेल आठ दिवसांत संपल. मी उगीचच झाकण उचलत बसतो.