जानीमावशी आणि माझी बिअर

बिअर घरी करायचा विचार असेल तर एक सांगतो, जामसरमध्ये खोलीची किल्ली कुणाकडे ठेवू नका. या गावातल्या शाळेवर शिक्षक म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी ऑनलाइन किट मागवलं. डब्यात पाणी, माल्टचा पाक आणि यीस्ट घातलं. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे सुटायला लागले आणि नेमकं आठवडाभर प्रशिक्षणाला जावं लागलं. घरमालकीण जानीमावशीला किल्ली दिली आणि म्हटलं, "आत बिअर आंबतेय. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावू नकोस."

परत आलो तर डबा धुऊन उन्हात पालथा घातलेला.

"मावशी, माझी बिअर?"

"बुडबुडं थांबलं, मंग मी वळखलं, माल तयार झाला. तुमच्याकडं भट्टी नाय, म्हणून मीच आमच्या मोहाच्या भट्टीवर गाळली." तिने दोन बाटल्या पुढे केल्या.

"अगं, ती गाळत नाहीत! तशीच पितात!"

भाकरी न भाजता पीठच खातो म्हणालो की काय, अशा नजरेने मावशीने माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, एवढ्या डब्यात दोनच बाटल्या निघाल्या. त्यात तुम्ही ती कच्चीच पिणार होता. तुम्ही आपली पोरंच शिकवा."