सहा ते आठच्या दरम्यान

सन्माननीय अध्यक्ष महाराज, त्यांच्या शेजारी बसून मघापासून मनगटावरचं घड्याळ पाहणारे संपादक महोदय, आजच्या निरोपसमारंभाचे मानकरी आप्पा, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

आप्पांविषयी बोलण्याआधी मला एक गंभीर तक्रार सभेपुढे ठेवायची आहे. तक्रार आहे अध्यक्षांच्या पुढ्यातल्या त्या पितळी घंटीबद्दल. खालच्या स्वागतकक्षातून ती आज दुपारी मुद्दाम वर आणण्यात आली. प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं, आणि मग टिंग. मी या वृत्तपत्राचा जुना वार्ताहर. आयुष्यभर इतरांची भाषणं ऐकणं हा माझा धंदा. त्यांतल्या एकाही महाभागापुढे कुणी घंटी ठेवलेली मी पाहिली नाही, आणि ठेवली असती तर देशाचं कल्याण झालं असतं. पण मी जन्मात पहिल्यांदा माईकपुढे उभा राहिलो, आणि नेमकं त्याच दिवशी आपल्या संस्थेला मितभाषणाचं माहात्म्य उमगलं!

लहानपणी आमच्या शास्त्रीबुवांनी शिकवलं होतं, वाक्य लांबलं तरी चालेल, अन्वय तुटता कामा नये. तेव्हा अध्यक्ष महाराज, आपण घंटी जरूर वाजवावी. मी थांबणार नाही. का, ते ओघात येईलच.

आप्पा मुद्रितशोधक. नव्या मंडळींसाठी सांगतो, छापण्याआधी मजकूर तपासून त्यातल्या चुका काढणारा माणूस. आपण सगळे चुका करतो आणि त्यावर पगार घेतो. आप्पा त्या काढत आणि आपल्याहून कमी पगार घेत. त्यांच्या कामाची थोरवी आधीच्या चार वक्त्यांनी सांगितली. घंटीच्या धाकानं भराभर सांगितली, पण सांगितली. मी दुसरंच सांगणार आहे, आणि आप्पांची परवानगी घेऊन सांगणार आहे. मी विचारलं, "आप्पा, ते बोलू का?" ते म्हणाले, "बोल. पीत होतो तेव्हा सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. सोडली तर ते गुपित कशाला ठेवायचं? फक्त मला हुतात्मा करू नकोस."

नाही करणार.

आप्पा रोज पीत. रोज म्हणजे रोज. सहाला कचेरी सुटली की, आणि सुट्टीच्या दिवशी घरून निघून, कोपऱ्यावरच्या गुत्त्यात, पंख्याखालचं टेबल. आठला उठायचं, सरळ चालत घरी. कधी पडले नाहीत, कुणाला शिवी दिली नाही, दुसऱ्या दिवशी कधी उशिरा आले नाहीत. आपण सगळे म्हणायचो, 'आप्पांचं पिणं म्हणजे कसं, शिस्तीचं.' पिण्याला शिस्तीचं प्रशस्तिपत्र देणारी आपली ही एकच कचेरी असेल. घरी पोचल्यावर काय व्हायचं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. काहीच व्हायचं नाही, असं वहिनी सांगतात. ते खुर्चीत बसायचे आणि कुणी काही बोललं की फक्त बघायचे. नुसतं बघायचे. वहिनी म्हणाल्या, "आरडाओरडा केला असता तर शेजारी तरी आले असते."

आता नातीचं. तुमच्यापैकी अनेकांनी आप्पांच्या तोंडून ऐकलं असेल, "आमची नात म्हणजे घड्याळ. सातच्या ठोक्याला गाढ झोपते." त्यांची मुलगी याच शहरात राहते. महिन्यातून एक-दोनदा रविवारी लेकीला घेऊन माहेरी यायची आणि पाचला निघायची. का, तर पोरीची झोपायची वेळ होते. आप्पांना ह्याचं केवढं कौतुक! इथल्या नव्या आयांना ते दाखला द्यायचे, "शिस्त म्हणजे अशी."

गेल्या वर्षी आप्पांना ताप आला. कचेरी नाही, गुत्ता नाही. अंथरुणात पडून होते. मुलगी बघायला आली. पाच वाजले, ती उठली नाही. सात वाजले. नात पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायांवर गाडी चालवत होती. साडेआठ वाजले तरी पोरगी टक्क जागी, गाणी म्हणतेय, पाणी सांडतेय. आप्पांनी विचारलं, "अगं, ही सातला झोपते ना?"

मुलगी ताटं उचलून आत गेली. वहिनींनी खिडकी लावून घेतली, उघडी नसताना.

हे मला आप्पांनीच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "जन्मभर लोकांच्या ओळी वाचल्या रे. घरातली एक ओळ वाचता आली नाही."

ताप उतरल्यावर ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भला माणूस. एकदम मर्दुमकी करू नका म्हणाला, औषधं दिली, काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. त्याबद्दल मी बोलणार नाही, ते दिवस वाईट होते. आप्पा परत कामावर आले तेव्हा आपण त्यांना काय म्हणालो, आठवतंय? 'वा आप्पा, तब्येत उतरली, पण चेहरा उजळला!' आप्पा हसले. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तू सहाला काय करतोस?"

"विशेष काही नाही. बायको सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मी घरी जायची घाई करत नाही. का?"

"डॉक्टरच्या गोळीनं हात थांबतो. सहा वाजायचे थांबत नाहीत. मला वाच."

हे 'मला वाच' काय, ते नव्यांना कळायचं नाही. संगणक येण्याआधी मुद्रितं जोडीनं तपासली जात. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्यानं स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह, सगळं तोंडानं म्हणायचं. ती पद्धत केव्हाच बंद पडली. ती आम्ही दोघांनी पुन्हा सुरू केली, जिन्याखालच्या त्या खोलीत, जिथे आता तुटक्या खुर्च्या ठेवतात. तुमच्यापैकी काहींनी दाराबाहेरून ऐकलं असेल आणि दोन म्हातारे खुळावले असं म्हटलं असेल. म्हातारे हा शब्द मी मागे घ्यायला लावतो. बाकी चालेल.

उद्याच्या अंकातली आतली पानं मी वाचायचो. निविदा, हवामान, हरवले-सापडले. नियम एकच, गाळायचं काही नाही.

"गुरुवारी शहराच्या पूर्व भागात पाण्याचा पुरवठा बंद राहील, पूर्णविराम," असं मी वाचायचो.

"माझाही बंद आहे. पुढे," असं आप्पा म्हणायचे.

"नागरिकांनी सहकार्य करावे, पूर्णविराम."

"नागरिक करतायत. जीभ करत नाही. पुढे."

त्यांच्या कपाळावर घाम असायचा. बोट कागदावर असायचं, पण ओळीवरून घसरायचं. मग ते म्हणायचे, "मागे जा." मी मागे जायचो. एकच निविदा आम्ही पाच-पाचदा वाचलेली आहे. नालेसफाईच्या कंत्राटाचा मजकूर मला आजही तोंडपाठ आहे. बालपणी पाठ केलेली शब्दरूपं मात्र विसरलो. शास्त्रीबुवा असते तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं.

एकदा निधनवार्ता वाचत होतो. "अल्पशा आजाराने दुःखद निधन, पूर्णविराम." नाव वाचलं, आणि आप्पांचं बोट थांबलं.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"गुत्त्यातल्या माझ्या टेबलावरचा. समोरच्या खुर्चीतला." मग म्हणाले, "अल्पसा नव्हता रे. माझ्या बरोबरीनं सुरू झालेला आजार आहे तो."

मी विचारलं, "दुरुस्ती करायची?"

"राहू दे. घरच्यांनी दिलेला मजकूर आहे. पुढे."

त्या दिवशी आठ वाजून गेले तरी आम्ही वाचत होतो. राशिभविष्यसुद्धा वाचलं. माझ्या राशीला प्रवासाचा योग होता, त्यांच्या राशीला जुन्या मित्राच्या भेटीचा. आप्पा म्हणाले, "हे मात्र काढून टाक." मी काढलं. संपादक महोदय, दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक रास कमी होती, आणि वाचकांचे फोन आपल्याला आले होते. कारण आज कळलं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट छान झाली, टाळ्या वाजवा. थांबा. दारू सुटली म्हणून घर लगेच परत येतं असं थोडंच आहे? मुलगी अजूनही पाचलाच निघते. आप्पा रविवारी घरी असतात, दाढी करून, स्वच्छ कपडे घालून, नातीसाठी रंगाच्या पेट्या आणून. पाच वाजतात, मुलगी पिशवी उचलते. कारण आता कुणी सांगत नाही. मी एकदा रागानं म्हणालो, "आप्पा, किती दिवस हे?" ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असतो तर चारला निघालो असतो."

आज हा समारंभ सहाला ठेवा, असा हट्ट मी धरला. समितीनं नापसंती दाखवली. दुपारी केला असता तर सगळ्यांना वेळेवर घरी जाता आलं असतं. बरोबर आहे. पण आपल्याकडे निरोपानंतर कोपऱ्यावर जाऊन 'बसायची' प्रथा आहे, आणि आजची ही सहा ते आठ कुठेतरी बसून काढायला हवी होती. ती आपण सगळ्यांनी मिळून काढली. माझ्या लांबलचक बोलण्याचं कारणही तेच, अध्यक्ष महाराज. तुमची घंटी मी तीनदा ऐकली. माफ करा.

समितीनं भेटही विचारपूर्वक आणली आहे. दर निवृत्ताला आपण काचेच्या पेल्यांचा संच देतो. यंदा कुणाच्या तरी ध्यानात आलं, पेले नकोत. म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं. मोठं, ठोक्यांचं. मी त्यांच्या सद्‍भावनेला वंदन करतो. पण मित्रांनो, ज्या माणसाला सहा वाजण्याचंच भय, त्याच्या घरात आपण ठोके देणारं घड्याळ टांगणार आहोत.

मी आप्पांना म्हणालो, "रोज येत जा. ती खोली आहेच." ते म्हणाले, "निवृत्त माणूस कचेरीत आला की सगळे उठून उभे राहतात आणि मनात म्हणतात, आला पुन्हा. नको." मी म्हणालो, "मग मी घरी येतो." ते म्हणाले, "घरी नको. हिला वाटेल, मला अजून राखण लागते." मी विचारलं, "लागत नाही?" माझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं, आप्पा ते दाखवून निघून गेले.

वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स ठेवलेली आहे. ती जागा कुणासाठी राखली आहे, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आलं असेल. जमलं तर येते, असा लेकीचा निरोप होता. मी बोलताना दाराकडे बघत होतो, हे आप्पांच्या नजरेतून सुटलेलं नाही. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

अध्यक्षांचे, संपादकांचे, समितीचे, आणि उभं राहून पाय दुखवून घेणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर वहिनींनी आधी आणि सभेनं नंतर तो पोटात घालावा.

आठ वाजले आहेत. आजचं झालं. उद्या सहा वाजता आप्पा कुठे असतील ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते.